नाव भांड्यावरच

तेरा पानं. फार तर चौदा,
पंगतीच्या जुन्या फोटोंचं एक धरून.
एवढ्यासाठी मागे अख्खी कोठी कशाला,
हे तिसऱ्या रात्री मनात आलं,
तेव्हा चिनावलची लाइट गेलेली
आणि लॅपटॉपात अठरा टक्के.

आधीची साइट होती.
लोटूअण्णांच्या पुतण्यानं केलेली, कॉलेजात असताना, हौसेनं.
तिच्या पोटात डेटाबेस.
म्हणजे दारावर पाटी, पुढे ओसरी,
आणि माल सगळा मागच्या अंधाऱ्या खोलीत
एका कोठीवाल्याच्या ताब्यात.
कुणी नुसतं विचारलं, बट्टी तळायची मोठी कढई किती माणसांची,
की ओसरीवरून हाक,
मग तो उठणार, चावी शोधणार,
कडी काढणार, सांगणार: दीडशे.
दरवेळी. तेच उत्तर, तीच कडी.

ऐन लगीनसराईत एका दुपारी तो उठलाच नाही.
पांढऱ्या पानावर एक ओळ:
डेटाबेसशी संपर्क होत नाही.
पाच दिवस.
पुतण्या बंगळुरात, पासवर्ड जुन्या फोनमध्ये,
जुना फोन, त्याची आई म्हणाली,
अस्थी सोडायला गेलो तेव्हा तापीत पडला.

मी तीन पर्याय काढले.
पहिला बिनडेटाबेसचा, पण चालू करायलाच
आणखी अकरा गोष्टी मागत होता.
दुसरा देखणा,
त्याला चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता.
तिसरा झिप करून सव्वादोन एमबी.
माहितीपुस्तक एका बैठकीत संपलं,
चहा निवायच्या आत.
इतकं थोडं असलं की मला संशय येतो.

तेजस्विनी फोनवर म्हणाली,
उद्या दहा हजार नोंदी झाल्या तर रडशील.
खरं आहे. शोध मंदावेल.
दोघांनी एकदम एकच पान उघडलं
तर शेवटी जतन करणारा जिंकतो, पहिल्याचं पुसतं.
पण इथे आम्ही दोघंच,
आणि अण्णा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत.
"मले त्याच्यातलं काई कयत नाही, भो."

सकाळी भांडारात गेले.
अण्णा परातींच्या उतरंडीमागे, हातात चिंच, पितळ घासत.
म्हटलं, जुनं रजिस्टर द्या, यादी उतरवते.
"रजिस्टर? ते वायवीनं खाल्लं. अठ्ठ्याण्णव साली."
मग हिशोब?
"एक वगरायं गेलं नाही आजलोक."

त्यांनी परात पालथी केली.
ठिपक्याठिपक्यांनी, छिन्नीच्या टोकानं:
समस्त पंच चिनावल. परात. ३७. सन १९६१.
"नाव भांड्यावरच हाये.
वहीले कायले इचारायचं?"

मी घरी आले आणि एक फोल्डर केला.
आत साध्या फाइली, कुठल्याही वहीसारख्या उघडणाऱ्या.
प्रत्येकीच्या माथ्यावर तीन टिंबांएवढ्या तीन आडव्या रेघा,
खाली नाव, नग, तारीख, पुन्हा रेघा,
मग मजकूर.
कढई तिच्या फाइलीत, घंगाळ त्याच्या.
एक बिघडली तर एकच बिघडते,
बाकीच्या आपापल्या जागी वाजत राहतात.
बॅकअप म्हणजे पेनड्राइव्हवर फोल्डर ओढणं.
तो पेनड्राइव्ह आता अण्णांच्या जुडग्यात,
भांडाराच्या चावीशेजारी.

रंग अजून जमलेला नाही. केळीच्या पानाचा हिरवा घेतला,
मोबाइलवर तो शेवाळासारखा दिसतो.
होईल.

कालच्या लग्नातून भांडी परत आली.
मोजताना ढिगात एक सराटा जास्त.
आमच्या कुठल्याच यादीत नव्हता.
अण्णांनी उलटा करून उजेडात धरला,
न्हावी, म्हणाले,
आणि दूधवाल्याच्या टेम्पोत ठेवला.